गोवा चित्रा, बाणावली: रगडा नक्की कुणाचा?

गोव्यात चार दिवस येणार असाल आणि त्यातला अर्धा दिवस समुद्र सोडून दुसऱ्या कशाला द्यायचा असेल तर तो बाणावलीच्या गोवा चित्रा म्युझियमला द्या, हे आधीच सांगून टाकते कारण पुढे मी बरंच लिहिणार आहे आणि सगळ्यांना एवढं वाचायला वेळ नसतो. मडगावपासून जवळच आहे, रिक्षा टॅक्सी काहीही मिळते. आणि हे गोव्याबाहेरच्यांपेक्षाही आम्हा गोव्यातल्या लोकांना जास्त सांगायचंय, कारण आमच्यातले कितीतरी जण अजून तिकडे फिरकलेलेच नाहीत. फोंड्याहून मडगावला लग्नाला जातात, साड्या घ्यायला जातात, पण तिथून पुढे दहा-पंधरा मिनिटांवर हे आहे याचा पत्ताच नाही.

म्युझियम म्हटल्यावर नाणी, तलवारी, राजांची चित्रं असं डोळ्यासमोर येतं ना, तसलं इथे काहीच नाही. व्हिक्टर ह्यूगो गोम्स नावाचे कलाकार आहेत, त्यांनी कित्येक वर्षं गोवाभर हिंडून लोकांनी अडगळीत टाकलेल्या, भंगारात काढलेल्या, चुलीत सरपण म्हणून घालायला निघालेल्या वस्तू गोळा केल्या, चार हजाराच्या वर वस्तू आहेत. नांगर, कुळव, मापं, जाती, रगडे, वायनं, मडकी, माडावर चढणाऱ्यांची हत्यारं, सुतार-लोहाराची हत्यारं, देवाऱ्याच्या कोरीव फळ्या, आल्तारचे तुकडे, आणि एक खोबरेल काढायचा अवाढव्य लाकडी घाणा की जो बैल फिरवायचा. इमारतसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खिडक्या, खांब वापरून उभी केलीय आणि भोवती सेंद्रिय शेती आहे. गाइड सोबत घेऊन बघायचं असतं, ते उत्तमच आहे कारण एकटं फिरलात तर सगळं लाकूड आणि दगड सारखंच दिसायला लागेल.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, मराठी माध्यमाच्या. माझ्यासोबत माझी मावशी होती, डिचोलीची, आणि आमच्या शाळेतली एक टीचर आणि तिची आई, त्या सासष्टीच्या, ख्रिश्चन. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या आणि गाडीत दोघी अगदी गप्प, आमची मावशी खिडकीकडे बघतेय, त्या आज्जी जपमाळ घेऊन. आणि रगड्यासमोर आल्यावर दोघींचं जे सुरू झालं ते बाहेर येईपर्यंत थांबलंच नाही.

रगडा म्हणजे काय ते मुंबई-पुण्यातल्या लोकांसाठी सांगते, चाटवाला नव्हे. काळ्या दगडाचा जाड पाटा, मध्ये खोल खळगा, त्या खळग्यात वरवंट्यासारखा उभा दगड, तो एका हाताने गोल फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने कडेला आलेलं वाटण आत लोटायचं. नारळ, मिरची, धणे, हळद. हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं, वाटण त्याच्यावर झालं की त्याची चव मिक्सरला येत नाही, हे आमच्याकडे पन्नाशीच्या पुढची प्रत्येक बाई शपथेवर सांगेल. जवळ जाऊन बघितलं तर खळग्याच्या एका बाजूची कड जास्त झिजलेली होती. सासष्टीच्या आज्जींनी तिथेच हवेत हात फिरवून दाखवला, बघ बाये, ती डाव्या हाताने वाटायची, म्हणून ही बाजू गेली. मावशी म्हणाली, "हें आमगेरूय आशिल्लें, माजी सासू अशीच वाटताली." म्हणजे आमच्याकडेही होता, माझी सासू अशीच वाटायची. आणि मग दोघी बसायची पद्धत, पाय कुठे ठेवायचा, खोबरं आधी की मिरची आधी, मूल रडायला लागलं तर काय करायचं, यावर बोलत राहिल्या. गाइड बिचारा शांत उभा राहून ऐकत होता, मध्ये मध्ये काही विचारत होता, खूप चांगला माणूस.

आता मुद्द्याचं सांगते. आम्हाला लहानपणापासून शिकवलंय की हे आमचं आणि ते त्यांचं. आमचं जेवण, त्यांचं जेवण. आमचा गाव, त्यांचा गाव. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले आणि फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी वगैरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यामुळे मधली दोनेकशे वर्षं आम्ही वेगवेगळ्या राज्यात होतो हे खरंच आहे, फरक पडला हेही खरंच आहे. मी तो फरक नाकारत नाही. पण तो फरक आपण ज्या ठिकाणी आहे असं समजतो तिथे तो बहुतेक वेळा नसतो आणि जिथे आहे तिथे आपण बघत नाही, हे मला त्या वस्तूंच्या रांगेत उभं राहून जितकं कळलं तितकं कुठल्या भाषणातून कळलं नाही.

उदाहरण घ्या. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचं धर्माची चौकशी करणारं न्यायालय, १५६० ला आलं आणि कायमचं गेलं ते १८१२ ला. मध्ये १७३६ साली त्यांनी एक लांबलचक फर्मान काढलं, त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुन्या धर्मातल्या काय काय गोष्टी करायच्या नाहीत त्याची यादीच आहे. अंगणात तुळस लावायची नाही. पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, चोळी घालायची नाही. लग्नात वधूवरांना हळद, तेल, तांदळाचं पीठ वगैरे चोळायचं नाही. आणि भात मिठाशिवाय शिजवून मागून मीठ घालायचं नाही, कारण हिंदू तसं करतात! म्हणजे विचार करा, माणूस कोण आहे हे ठरवायला राज्य थेट भाताच्या मडक्यापर्यंत आलं होतं. आणि तरीही आज सासष्टीत ख्रिश्चन लग्नाच्या आधी रोस होतो, नवरा-नवरीला नारळाचं दूध चोळून आंघोळ घालतात, घरातल्या आणि वाड्यावरच्या बायका गाणी म्हणतात. आमच्याकडे त्याच वेळेला हळद. तो नारळ आदोळीवर, म्हणजे विळीवर, खवला, तो दगडावर वाटला, ते दूध हाताने पिळून काढलं. फर्मानात रगडा आणि आदोळी बंद करा असं लिहायचं राहून गेलं बहुतेक, आणि लिहिलं असतं तरी लोक उपाशी कसे राहणार होते. माझं म्हणणं असं की कपडा, नाव, देव हे हुकमाने बदलता येतं, पण हाताची सवय हुकमाने बदलत नाही, आणि ती सवय कुठे साठलेली असते तर त्या झिजलेल्या कडेवर.

आता दुसरी बाजू पण बघा नाहीतर मी फक्त गोड गोड बोलतेय असं वाटेल. त्या रगड्यावर आपण जे "अस्सल आमचं" हुमण वाटतो त्यातली मिरची कुठली? अमेरिका खंडातली, पोर्तुगीज घेऊन आले. काजू ब्राझीलचा. बटाटा, टोमॅटो, अननस, पेरू, पपई सगळं तिकडचं. आमच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात अजून यातलं बरंच टाळतात, म्हणजे पितरांना कुठेतरी आठवण आहे की हे नंतर आलंय, पण रोजच्या जेवणात मिरचीशिवाय आमचा घास उतरत नाही आणि ती परकी आहे असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. आणि उलट बघितलं तर पातोळ्या. हळदीच्या पानात तांदळाचं पीठ, आत गूळ-खोबऱ्याचं चून, वाफवायचं. आमच्याकडे नागपंचमीला, चतुर्थीच्या दिवसात. त्यांच्याकडे १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, फेस्ताला. पान तेच, पीठ तेच, मडकं तेच, श्रावणातली हळदीची कोवळी पानं दोघांनाही त्याच पावसात मिळतात.

मी दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, मुलांना घेऊन गेले होते. तिथे काचेच्या मागे पुतळे उभे केले होते, एक हिंदू बाई नऊवारीत, एक ख्रिश्चन बाई फ्रॉकमध्ये, एक कुणबी बाई कापडात, तिन्ही चेहरे एकाच साच्यातले, गुलाबी, आणि पुढे पाटी. आमची मुलं पाटी वाचून वहीत लिहून आली, हिंदू लोक असे असतात, ख्रिश्चन लोक तसे असतात. मला त्याचा फार त्रास झाला. पुतळा कपडा दाखवतो पण काम दाखवत नाही, आणि कपड्यावरून माणसाचे गट पाडायला आठ वर्षांच्या मुलाला काही वेळ लागत नाही. गोवा चित्रात माणसं नाहीतच, फक्त वस्तू आहेत, आणि त्यामुळे प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून विचारावं लागतं की ही कोण वापरायचं, कुणी बनवली, कुणाला हात लावायची परवानगी नव्हती. मला वाटतं हाच खरा फरक आहे, म्युझियमने उत्तर द्यायचं की आपल्याला प्रश्न विचारायला लावायचं.

रेंदेराची हत्यारं बघताना हेच झालं. माडावर चढून सूर काढणारा तो रेंदेर. त्याची काती म्हणजे रुंद, वळलेली, अतिशय धारदार सुरी, पोयेचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक रोज पातळ कापायला. कमरेला दुदिणें, म्हणजे सूर भरून खाली आणायला वाळवलेला भोपळा. लाकडी मूठ घामाने आणि चिकाने काळी पडून गुळगुळीत झालेली, बोटांचे खळगे दिसतात तिच्यावर. हे काम सासष्टीत ख्रिश्चन रेंदेर करायचे, उत्तरेकडे भंडारी समाज करायचा, म्हणजे हिंदू. चढायची पद्धत तीच, पडून मरायची भीती तीच. खाली आल्यावर मात्र सूर वेगवेगळ्या वाटांनी जायचा. एकीकडे त्याचा व्हिनेगर होऊन सोरपोतेलात, म्हणजे डुकराच्या मटणात, जाणार, तसाच सूर सान्नांच्या, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाच्या, पिठात जाणार, दुसरीकडे माडाचा गूळ होऊन आमच्या पातोळ्यांत, आणि फेणी सगळ्यांकडेच, कुणी उघड कुणी लपवून. म्हणजे झाड एक, हत्यार एक, आणि वेगळेपण सुरू होतं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. हे मला कुणी पुस्तकात वाचायला दिलं असतं तर मी मान डोलावून विसरून गेले असते.

पण सगळ्यात जास्त वेळ मी कुठे थांबले तर बांबूच्या कामापाशी. सूप, टोपल्या, रोवळ्या, कणगी. आता हे लिहायला जरा जड जातंय पण लिहिते. गोव्यात सूप विणायचं काम परंपरेने महार समाजाचं. आमच्या घरात सुपाशिवाय काही शुभ होत नाही, वाण सुपात, बाळाला पहिल्यांदा सुपात निजवतात, तांदूळ तर रोजचे सुपात. आणि ते सूप घेऊन येणारी बाई अंगणाच्या बाहेर उभी राहायची, पैसे तिच्या हातात द्यायचे नाहीत, खाली ठेवायचे, हे मावशीने स्वतःच्या लहानपणी बघितलेलं आहे आणि तिने तिथेच, त्या आज्जींच्या समोर, सांगितलं. आज्जी म्हणाल्या आमच्यातही तसंच होतं, धर्म बदलला तरी बामण, चारदो, सुदिर या जाती कुठे गेल्या, चर्चमध्येसुद्धा कोण पुढे बसणार यावरून भांडणं. त्यावर दोघी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. बघा, रगड्यापुढे दोघींना आपण सारख्या आहोत हे कळलं आणि सुपापुढेही सारख्याच आहोत हे कळलं, पण हे दुसरं सारखेपण काही मिरवण्यासारखं नाही. गोव्यात सगळे गुण्यागोविंदाने राहतात असं जे सरकारी जाहिरातीत सांगतात ना, त्या चित्रात हे सूप बसत नाही. आणि म्हणूनच ते तिथे असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

गावड्यांचं तर अजून वेगळं. गोव्यातले सगळ्यात जुने शेतकरी म्हणावे असे लोक. त्यातले काही हिंदू राहिले, काही ख्रिस्ती झाले, आणि मग १९२८ साली मसूरकर महाराजांनी शुद्धी केली तेव्हा ख्रिस्ती झालेल्यांतले हजारो परत हिंदू झाले, त्यांना नवहिंदू गावडे म्हणायला लागले. म्हणजे एकाच समाजाचे तीन भाग झाले, कधी कधी एकाच घराण्याचे. आता समोर तो लाकडी नांगर आहे, हा कुठल्या गावड्याचा ते सांगा. नाही सांगता येणार. कोरगुट भात तिघांनीही पेरलं, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचे, बांध तिघांनीही घातले, खारं पाणी बांध फोडून आलं तर तिघांचीही शेतं गेली. गाइडने बांधाच्या दारांचं सांगितलं, मानशीची ती लाकडी दारं ओहोटीला आपोआप उघडतात आणि भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, म्हणजे पाणी बाहेर जातं पण आत येत नाही. किती साधं आणि किती हुशार!

शेजारी गोवा चक्रा आणि गोवा क्रुती हे अजून दोन विभाग आहेत. चक्रामध्ये देशभरातल्या गाड्या, बग्ग्या, पालख्या. लहान मुलं असतील तर तिथे रमतील. मी मचिल्याकडे बघत राहिले, ती भाटकारांना, म्हणजे जमीनदारांना, न्यायची डोली, आतली गादी आणि बाहेरचा भोयांच्या खांद्यावर टेकणारा दांडा दोन्ही बघितलं की कोण कोण होतं ते सांगायला पाटीची गरज नाही. हिंदू भाटकारही त्यात बसायचे, ख्रिश्चन भाटकारही. क्रुतीमध्ये पोर्तुगीज काळातल्या घरांतलं सामान आहे, ते आम्ही भराभर बघितलं, सुंदर आहे पण तोपर्यंत म्हाताऱ्यांचे पाय दुखायला लागले होते.

ज्यांना हे आवडेल त्यांनी दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यातलं म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट पण बघावं. ते आधी १९९४ पासून राशोलच्या सेमिनरीत होतं, मग २००२ ला सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटमध्ये आणलं, आणि मोठं काम करून २०२२ ला पुन्हा उघडलं. तिथल्या हस्तिदंती मूर्ती बघा, येशू आहे, मारिया आहे, पण डोळे, बसायची ढब, वेलबुट्टी आपल्या देवळातली. कारण करणारे हात इथलेच होते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले, पण ते पुन्हा पुन्हा काढावे लागले, त्यावरून काय ते समजा. दोन्ही एकाच दिवशी मात्र करू नका, डोकं भरून जातं.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगते. पुण्यातलं केळकर म्युझियम तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितलं असेल, अडकित्ते, दिवे, कोरीव दारं, ते अप्रतिमच आहे. तिथे रोजच्या वस्तूतली कलाकुसर बघायला मिळते, इथे रोजच्या वस्तूतला घाम. दोन्ही बघायला हवं. आणि सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणकडचे लोक आलात तर निम्म्या वस्तू तुमच्याच घरच्या निघतील, गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा चेकपोस्ट त्या वस्तूंना माहीत नाही. आम्ही घरात कोकणी बोलतो, देवळात मराठी अभंग म्हणतो, मराठी पेपर वाचतो, मी शाळेत मराठी शिकवते, आणि १९६७ च्या जनमत कौलात आमच्या घरातच दोन तट होते, आजोबा फुलावर शिक्का मारणारे, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरणवाले, आणि त्यांचा सख्खा भाऊ दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा ठेवा म्हणणारा. वर्षभर बोलत नव्हते म्हणे. त्यामुळे "तुम्ही नक्की कोण?" हा प्रश्न आम्हाला नवा नाही, पण त्याचं उत्तर नेहमी भाषेत नाहीतर धर्मात शोधायला लावतात. आजोबा आणि त्यांचा भाऊ, दोघांच्याही घरात तांदूळ एकाच कुडवाने मोजला जात होता हे मावशी सांगते, आणि एका चुलीवरचं जेवण दुसरीकडे जायचं ते बायकांच्या हातून, गुपचूप.

आता कामाचं. जायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या, टूरच्या वेळेप्रमाणे बघावं लागतं. निदान दोन तास काढून जा, पाऊण तासात उरकायचं असेल तर जाऊच नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला न्या, आणि जमलं तर शेजारच्या वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसालाही त्याच गाडीत बसवा. त्यांना आधी बोलू द्या, मग गाइडला. शिक्षकांनी मुलांना पाट्या उतरवून घ्यायला लावू नका, त्यापेक्षा प्रत्येकाला एकच वस्तू निवडू द्या आणि ती घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, ही आपल्याकडे होती का, कुणी वापरायची, कुणी करून आणायचं आणि त्याला काय द्यायचो. आमच्या तिसरीच्या मुलांना मी दिवाळीच्या सुट्टीनंतर नेणार आहे, बसचं बघतेय, पालकांपैकी कुणी सोबत येणार असेल तर कळवा.